मामांच्या नावावर माझं हृदय

किन्हीराजा मागे टाकलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन सुरू होतं आणि संपतच नाही. मामांच्या गावच्या फाट्यावर उतरले तेव्हा मला दम लागला होता. नाशिकहून एवढा प्रवास, त्यात पंचावन्न वय. मी मनावर घेतलं नाही.

"जय भीम. काहून (का) थकली वं एवढी?" मामा मोटारसायकल घेऊन उभे होते.

मामींनी रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी केली होती. दोन घास खाऊन मी ताट सरकवलं. मामी रुसल्या.

दुसऱ्या दिवशी मामांच्या तपासणीसाठी त्यांच्यासोबत आरोग्य उपकेंद्रात गेले. तिथे फोनला जोडायचं नवं ईसीजी यंत्र आलं होतं. छातीला तारा लावायच्या, की आलेख थेट शहरातल्या डॉक्टरांकडे. नर्सताईंनी मामांचं नाव भरलं. तारा बघताच मामा उठले.

"मले करंट लागन ना!"

"नाही लागत, काका."

"मंग आधी भाचीले लावून दाखव. शयरातली हाये, तिले सवय असन."

ताई हसल्या, पडदा ओढला, मला झोपवलं. तारा काढेपर्यंत शहरातल्या डॉक्टरांचा फोन वाजला. "पेशंटला एक पाऊलही चालू देऊ नका. गाडी पाठवतोय."

ताईंचं हसू गेलं. त्यांनी मला एक गोळी चघळायला दिली.

गाडी आली. चालकाच्या फोनवर मामांचं नाव होतं.

"तुमीच ना? झोपा."

"अरे, मले काई नाई झालं! तिले झालं!"

"सगळे असंच म्हंतात, काका. चालू नका."

नाव बदलायला ओटीपी हवा होता, आणि मामांचा मोबाइल घरी चार्जिंगला. "दोघांनाही न्या!" ताई ओरडल्या. तोवर मामा स्ट्रेचरवर बांधले गेले होते. मला शेजारच्या बाकावर आडवं केलं. ताई माझी नाडी धरून बसल्या. ऑक्सिजन मामांना.

आता छातीत खरंच दुखू लागलं. मला भीती वाटली. मामांनी हात लांब करून माझा हात धरला. मास्कमधून म्हणाले, "मरू नको वं. माह्या नावावर मेली त लोक मलेच जाळतीन."

मी हसले, आणि मग रडू आवरेना.

दवाखान्यात ताईंनी दारातच माझ्याकडे बोट दाखवलं. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. संध्याकाळपर्यंत ती उघडली. मामांचाही आलेख काढला. अगदी स्वच्छ. मामा जरा हिरमुसले.

मुलगा येऊन मला नाशिकला घेऊन आला. वाशिम जिल्ह्यात काय पाहिलं, असं लोक विचारतात. सोयाबीन आणि अँब्युलन्सचं छत, मी सांगते.

उपकेंद्राच्या नोंदीत नाव दुरुस्त झालं, नंबर मात्र मामांचाच राहिला. गोळीची आठवण रोज सकाळी त्यांच्या मोबाइलवर जाते, की लगेच मला फोन. "घेतली काय वं?" पाण्याचा घोट ऐकल्याशिवाय ते फोन ठेवत नाहीत.

परवा नर्सताई फोनवर म्हणाल्या, नंबर बदलून देते.

म्हटलं, राहू द्या.