थंड गाडीचे अठ्ठावन्न अंश

"वायरिंग बाहेरून ओढले गेले आहे." दुरुस्तीच्या कार्डावर रत्नमालाने एवढेच लिहिले होते. त्यात कोणाचे नाव नव्हते. परंतु कामगारांची ने-आण करणारी ती सात नंबरची बस रोज एकच माणूस चालवीत असे, आणि तो बन्सी होता. मालक आप्पासाहेबांनी ते कार्ड वाचले, कार्यालयातल्या फळ्यावर टाचले आणि दुसऱ्या दिवशी बन्सीला गाडीवरून उतरवले. "सध्या घरी थांब, मग बघू," ते म्हणाले. या 'मग बघू'चा अर्थ वाळूजमधल्या कोणत्याही ड्रायव्हरला समजावून सांगावा लागत नाही.

त्या दिवसापासून रत्नमालाचे चित्त थाऱ्यावर नव्हते. अकरा वर्षे तिने एका कारखान्यात गाड्यांचे वायरिंग गुंफले होते. ती लाइन बंद पडल्यावर तिने फाट्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचे दुकान थाटले. "मिस्तरी कुठंय?" असे विचारत येणाऱ्या ड्रायव्हरांना "बोला, मीच," असे उत्तर देता देता सात वर्षे गेली. कापलेली, उंदराने कुरतडलेली, घासून उघडी पडलेली, ओढलेली अशा साऱ्या वायरी ती बोटांनी ओळखत असे. आणि नेमका त्या बोटांवरचाच तिचा भरवसा आता डळमळला होता.

बिघाडाची हकीकत अशी. नव्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या जागी एक मोठी पेटी असते. धुरातली काजळी त्या पेटीत तापून जळते, आणि ती किती तापली हे तीन सेन्सर गाडीच्या संगणकाला कळवतात. त्यांपैकी एक जरी भलतेच काही सांगू लागला, तरी संगणक धास्तावतो आणि इंजिनाची ताकद काढून घेतो. मग सात नंबर वाटेतल्या पुलाच्या चढावर फतकल मारून बसते आणि आतल्या चाळीस माणसांची पहिली पाळी चुकते. श्रावणात हे पहिल्यांदा झाले, तेव्हा तिसरा सेन्सर खरोखरच जळाला होता. तिने तो बदलला. दसऱ्यानंतर दिवा पुन्हा लागला. तिने सेन्सर पुन्हा बदलला. आठ दिवस बरे गेले आणि नवव्या दिवशी गाडी पुलावरच थांबली. तिसऱ्या खेपेला तिला दिसले, की वायर धरून ठेवणारी पट्टी उघडी आहे आणि वायर ताणून लोंबते आहे.

"बन्सीभाऊ, पेटीकडं कोणी हात लावला होता का?" तिने तेव्हा विचारले होते.

"नाय ओ ताई. कोन लावंल? धुताना बी म्या तिकडं पानी मारत नाय."

तिला ते खरे वाटले नव्हते. फेरी चुकवायला ड्रायव्हर काय काय करतात, हे तिने पुष्कळ पाहिले होते.

 तिसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदवाडीच्या घरात भाकरी थापता थापता तिच्या आईने, चंपाबाईने, विषय काढला.

"बाजारात बन्सीची द्वारकाबाई भेटली. मान हलवली अन् गेली. थांबली नाय."

"घाई असेल."

"व्हय, घाईच. रोज अर्धा तास उभी ऱ्हाती ती बाई." चंपाबाईने भाकरी उलटली. "तू डोळ्यानं पाह्यलं का त्याला वायर वढताना?"

"नाही."

"मग हातानं लिवलं कशाला?"

रत्नमालाने ताट पुढे सरकवले.  

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिची स्कूटर आप्पासाहेबांच्या बसगाड्यांच्या तळावर पोहोचली. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सारे काही सारखेच थंड असते, म्हणून तिन्ही सेन्सरनी एकच आकडा सांगायला हवा. ही तपासणी तिला ठाऊक होती. पण त्यासाठी गाडी सुरू होण्यापूर्वी यावे लागते, आणि आजवर तिच्याकडे गाडी यायची ती तापलेली, ओरडणाऱ्या माणसांसकट.

संगणकाला कळणारे आकडे दाखवणारा स्कॅनर तिने जोडला. एकवीस, एकवीस, अठ्ठावन्न.

नोव्हेंबरच्या त्या पहाटे हात टेकवला तर पेटी गार लागत होती, आणि तिसरा सेन्सर अठ्ठावन्न अंश सांगत होता. तिने तो सोडवून मीटर लावला. दोनशे सोळा ओहम. एकवीस अंशांना असायला हवे तेवढेच, म्हणजे सेन्सर बरोबर होता. मग तो पुन्हा जोडून तिने संगणकाच्या टोकाकडून तीच वाट मोजली. दोनशे चव्वेचाळीस. जितका अडथळा अधिक, तितका ताप अधिक, असे संगणक समजतो. हे वरचे अठ्ठावीस ओहम वाटेतच कुठेतरी दडलेले होते, आणि वाटेत जोडणी एकच होती.

तिने ती उघडली. पितळी पिनेवर हिरवा गंज चढला होता. पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याखाली तपकिरी तंतू अडकला होता. काठावर तांबूस डाग होता. तो तिला गंज वाटला, परंतु ओले बोट फिरवताच बोट लालभडक झाले.

"पुंजारामकाका, इकडं या. हे कुंकू इथं कसं आलं?"

तळाचा राखणदार पुंजाराम चहाचा पेला घेऊन वाकला. "खंडेनवमीचं आसंल की. औंदा मालकांनी खास ह्या पेटीची पूजा केली. म्हनले, हीच लई तरास देती, आधी हिला मान द्या. नारळ बी हितंच फोडला, ह्या लोखंडावर. हार बांधाया जागा नव्हती, तवा ती पट्टी सोडली."

"अहो, मी सगळ्यांना विचारलं होतं ना, कोणी हात लावला का म्हणून?"

"इचारलं व्हतं." पुंजाराम गोंधळला. "पर ताई, पूजेला कुनी हात लावनं म्हनतं का?"

खंडेनवमी आणि दसरा या दोन दिवशी तिचे दुकान बंद असे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती आईसह लेण्यांच्या पायथ्याशी जाई. तळावरची पूजा तिने कधी पाहिली नव्हती, आणि तिच्यापुढे तो विषय कोणी काढतही नसे. काहींना ते अवघड वाटे, बाकीच्यांना त्यात सांगण्याजोगे काही वाटत नसे.

मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. तो नारळाचा तंतू कड्याखाली दाबला गेला होता. दसऱ्यानंतर ते कडे एकाच माणसाने बसवले होते. दुपारची पाळी खोळंबली म्हणून तिने जोडणीच्या आत न पाहता ती लावली, खट् असा आवाज ऐकला आणि गाडी सोडली. लावताना पिना घासून तेवढ्यापुरत्या साफ झाल्या. ते आठ दिवस ती आपल्या हाताचे यश समजत होती.

पिना घासून घ्याव्यात, जोडणी मिटावी, 'गाडी ठीक झाली' असे सांगावे. इतके सोपे होते ते. पुंजारामला त्यातले फारसे कळले नसते. ती पिना घासत राहिली, गरजेपेक्षा बराच वेळ.

आठ वाजता आप्पासाहेब आले, तेव्हा तिने त्यांना जोडणी दाखवली.

"म्हणजे आमच्या नारळानं गाडी बिघडली म्हणता?"

"नारळाचं पाणी आत गेलं. ते कोंडून ठेवलं मी. आत न बघता जोडणी लावली."

"अन् बन्सी?"

"बन्सीभाऊंचा संबंध नाही. मी चुकीचं लिहिलं."

आप्पासाहेब पेटीशी वाकले. "खंडेनवमीला तुम्ही नसता ना इथं, रत्नमालाताई. नायतर तुम्हीच सांगितलं असतं, हितं नको म्हणून."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं?"

त्यांनी मिशीवरून बोट फिरवले. "नाय."

फळ्यावरचे कार्ड त्यांनी स्वतः काढून आणले. "फाडून टाका."

"नको. त्याच्याच खाली लिहिते." आणि तिने लिहिले : 'वरील नोंद चुकीची आहे. दोष जोडणीत होता. जोडणी न तपासता मी लावली. ड्रायव्हरचा दोष नाही.' सही केली आणि कार्ड होते तिथेच टाचले. मग म्हणाली, "चाचणी बन्सीभाऊच घेतील. दुसरा कोणी चालवणार असेल, तर गाडी सुटणार नाही."

आप्पासाहेबांनी बन्सीला फोन लावला.

दुपारी बन्सी आला. त्याने कार्यालयाकडे पाहिलेसुद्धा नाही. सरळ चढून बसला, आसन पुढे ओढले, आरसा आपल्या उंचीला वळवला. रत्नमाला शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन बसली. आकडे चढू लागले : दोनशे दहा, दोनशे साठ, तीनशे. तिसरा बाकीच्या दोघांच्या मागोमाग चालला होता. पूल आला. गाडी न अडता चढू लागली.

"ताई," रस्त्यावरची नजर न काढता बन्सी म्हणाला, "दुसऱ्यांदा लिवलेलं कुठं लावलं?"

"पहिलं होतं तिथंच."

त्याने गिअर बदलला. "पयलं समद्यांनी वाचलं व्हतं."

पूल सरला, उतार लागला. दिवा लागला नव्हता. बन्सीने गाडी वळवून घेण्यासाठी वेग कमी केला.

"परत एकदा चढावरून घ्या," रत्नमाला म्हणाली. तिची नजर अजून आकड्यांवरच होती.