दाजींचा परवा

ती बातमी मला कुणी सांगितली नाही, मलाच ती सांगावी लागली. जहाजाच्या पाचव्या मजल्यावर स्वागतकक्षाच्या बाजूला उपग्रहावरून चालणारा फोन होता. हैदराबादला तारनाक्याच्या घरी बायकोने उचलला. आपलं बोलणं पलीकडे पोचायला दोन-तीन सेकंद लागत होते. मी म्हणालो, "दाजी गेले." थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "कुठल्या बेटावर? आणि तुम्ही का नाही गेलात सोबत?" … मला पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा कोणते शब्द वापरले ते आठवत नाही. मागे पोहण्याच्या तलावाजवळ बँड वाजत होता आणि समोरच्या घड्याळात दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. याला आता सहा आठवडे उलटून गेले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही नांदेडकडचे. रेल्वेत नोकरी लागून मी बावीस वर्षांपूर्वी हैदराबादला आलो, तेव्हा पहिले सात महिने त्यांच्याच घरी राहिलो. दाजींचा जन्मच इथला. त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' इतके मिसळलेले की पहिल्या महिन्यात मी त्यांच्याशी जपून बोलायचो, न जाणो काही वेगळंच कळायचं. सगळ्यात घोटाळा व्हायचा तो 'परवा' या शब्दाचा. इथल्या दखनीत 'परसों' म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. दाजींनी तोच अर्थ मराठीतल्या 'परवा'ला देऊन टाकला होता. परवा पंखा दुरुस्त केला म्हणजे गेल्या उन्हाळ्यात. परवा तुझ्या वडिलांशी बोललो म्हणजे वडील हयात असताना. मी रेल्वेत गाड्यांच्या उशिराचे तक्ते करतो, माझं पोट मिनिटांवर चालतं. एकदा वैतागून विचारलं, "दाजी, तुमचा परवा नक्की किती दिवसांचा असतो?" ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आमचा परवा निजामाच्या वेळेला सुरू झाला मियाँ, अजून संपायचा आहे."

सरकारी कचेरीत ते नकाशाच्या शाखेत होते, चौतीस वर्षं. संगणक आल्यावरही तपासणीचे नकाशे त्यांच्याकडूनच हाताने शाईत काढून घेत. समुद्रकिनारा हे त्यांचं खास काम. किनाऱ्याच्या रेघेबाहेर तिला समांतर बारीक रेघा काढायच्या, आधी अगदी जवळजवळ, मग हळूहळू लांब लांब, आणि शेवटी कागद कोरा सोडायचा. एवढ्यावर बघणाऱ्याला पाणी दिसतं. रेघ ओढताना श्वास रोखून धरायचा आणि ती संपल्याशिवाय सोडायचा नाही, हे त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं. घरी एखादं काम आणलं की ताई मला खुणेने गप्प बसवायची. दाजींची छाती स्थिर, डोळे कागदावर… आणि मग एकदम मोठा श्वास. तोवर आम्हीही नकळत श्वास धरून बसलेलो असायचो.

गेल्या वर्षी राज्याचे दोन भाग झाले. कचेरीत फायलींचे गठ्ठे बांधले जात होते, प्रत्येक गठ्ठ्यावर तो कुठल्या राज्याचा याची चिठ्ठी. माणसांच्याही याद्या लागल्या. शेजारच्या टेबलावरचा त्यांचा तेलुगू मित्र पलीकडच्या यादीत गेला, दाजी इकडे राहिले आणि महिनाभरात अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ते त्या मित्राला म्हणाले, "समुद्र तू घेऊन चाललास, सांभाळून ठेव." सगळे हसले. पण घरी आल्यावर ते नव्या राज्याचा नकाशा समोर धरून बराच वेळ बसले होते. मला म्हणाले, "मिलिंद, हे बघ. चारी बाजूंनी जमीन. चौतीस वर्षं मी किनारा काढला आणि समुद्र बघितला एकदा, तोही कचेरीच्या जीपमधून. आता तर आपल्या वाट्याला तो कागदावरही नाही."

आठवड्याभरात त्यांनी नामपल्लीच्या एका प्रवास कंपनीचं रंगीत पुस्तक आणलं. सिंगापूरहून निघणारं मोठं जहाज, पाच रात्री, चार बेटं, खोलीला स्वतःची बाल्कनी. ताई म्हणाली, "इतकी वर्षं मला तळ्याकाठी टँकबंडवर फिरवलं, आणि आता एकदम सिंगापूर?" दाजी म्हणाले, "टँकबंड काय कमी होता? त्यातही पाणीच होतं की." मी सोबत यावं हा त्यांचा हट्ट, कागदपत्रं, वेळा, सामान, हे सगळं माझ्याकडे. त्यांनी एकच काम स्वतःकडे ठेवलं. चारही बेटांचे किनारे ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतले, पण भोवतीच्या रेघा सोडल्या. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाणी काढायचं नाही," म्हणाले.

निघण्याच्या महिनाभर आधी फॉर्म मी भरले. त्यात एक रकाना होता: साठीच्या जवळपासच्या प्रवाशांनी हृदयाची तपासणी अलीकडे केली असल्यास तारीख लिहावी. मी दाजींना फोन केला. "हौ, परवाच तर केली. ईसीजी, सगळं. एकदम फर्स्ट क्लास." समोर कॅलेंडर होतं. मी दोन दिवस मागे गेलो आणि ती तारीख सुवाच्य अक्षरात लिहिली. बावीस वर्षं ज्या शब्दावरून मी त्यांना चिडवत आलो, तोच शब्द मी त्या दिवशी अंकात घातला. रकाना तारीख मागत होता, म्हणून मी तारीख दिली. रिपोर्ट बघायला मागितला नाही. कचेरीत कुणी तोंडी वेळ सांगितली तर मी नोंद घेत नाही, लेखी आणा म्हणतो… घरच्या माणसाला तसं म्हणवलं नाही.

जहाज अकरा मजल्यांचं होतं, आमच्या खोल्या नवव्यावर. रोज खोली आवरणारा टॉवेलचा हत्ती करून ठेवायचा, ताई तो मोडू द्यायची नाही. खोलीतल्या टीव्हीवर एक वाहिनी फक्त जहाज कुठे आहे तो नकाशा दाखवायची. बाहेर खरा समुद्र असताना दाजी भिंग लावून तो नकाशा तपासत बसत. "यांनी सगळीकडे एकच निळा फासलाय. खोल कुठे, उथळ कुठे, काही कळत नाही." पण पहिलं बेट दिसलं तेव्हा ते बाल्कनीत गेले ते तासभर आत आलेच नाहीत. किनाऱ्यालगतचं पाणी फिकट हिरवं, मग निळं, मग जवळजवळ काळं होत गेलेलं. "उस्ताद बरोबर होते," एवढंच म्हणाले. संध्याकाळी जेवणाच्या आधी त्या बेटाभोवतीच्या रेघा पूर्ण झाल्या होत्या.

दुसऱ्या बेटावरून परतताना मी त्यांना कठड्यापाशी उभं पाहिलं. एक हात कठड्यावर, डोळे किनाऱ्यावर, श्वास रोखलेला. मी सवयीने मोजलं, बारा सेकंद. मग मोठा श्वास. कपाळावर घाम होता, पण घाम सगळ्यांनाच होता. ताईला मी हसत सांगितलं, "दाजी मनातल्या मनात रेघ ओढताहेत." ती पण हसली. त्या रात्री त्यांनी दुसऱ्या बेटाभोवतीचं पाणी काढलं. हात कुठेही हललेला नाही, मी नंतर भिंगाखाली बघितलं.

तिसऱ्या बेटाच्या वाटेवर, जहाजाच्या चौथ्या दिवशी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नाश्त्याच्या टेबलावर त्यांनी पपईची फोड खाली ठेवली आणि म्हणाले, "मिलिंद, जरा हात दे." जहाजावर दवाखाना होता, स्वच्छ, सगळी यंत्रं असलेला. डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले. मला विचारलं, शेवटची तपासणी कधी झाली? मी इंग्रजीत सांगितलं, पाच आठवड्यांपूर्वी, सगळं ठीक होतं. ताईला इंग्रजी फारसं येत नाही, पण आकडा कळला. ती म्हणाली, "पाच आठवडे कसले रे? ती तपासणी पूनमच्या लग्नाच्या आधीची. तीन वर्षं झाली." पूनम म्हणजे त्यांची मुलगी. मी दाजींकडे बघितलं. त्यांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बोटभर उचलला. "हौ… परवाच की ती," म्हणाले. मी डॉक्टरांना चूक सांगितली. त्यांनी कागदावर एक आडवी रेघ मारून वर नवा आकडा लिहिला.

सर्वांत जवळचं बंदर साडेसहा तासांवर होतं, तेही पुढचा मुक्काम सोडून, पूर्ण वेगाने गेलं तर. हेलिकॉप्टरची विचारणा झाली. ढग फार खाली होते. कप्तान स्वतः खाली येऊन सांगून गेले, आपण चार वाजून दहा मिनिटांनी पोचू. कुणी काही कमी केलं असं मला म्हणता येणार नाही. आयुष्यभर मी गाड्यांचा उशीर लिहीत आलो, पण उशीर होताना त्यात बसून कधी बघितला नव्हता. दवाखान्याच्या गोल खिडकीतून पाणी दिसत होतं आणि ते पुढे सरकतंय की तिथेच आहे हे काही केल्या कळत नव्हतं. मी ताईला दर अर्ध्या तासाने उरलेला वेळ सांगत होतो. साडेबाराला ती म्हणाली, "नको सांगूस आता." दाजी दोन वाजून पन्नास मिनिटांनी गेले. बंदर एक तास वीस मिनिटं लांब होतं.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं, खरी तारीख लिहिली असती तर? ते म्हणाले, इथे मी हेच उपचार केले असते. मी म्हणालो, इथलं नाही विचारत, निघण्याआधीचं विचारतोय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कदाचित नव्याने तपासणी झाली असती, दोष सापडला असता, आणि दाजी आज समुद्र न बघता घरी रागावून बसलेले असते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक म्हणाले, निदान समुद्र बघून गेले. मी मान हलवली, पण तसं मानून मोकळं होणं मला जमलेलं नाही.

गेल्या रविवारी ताईकडे गेलो. दाजींच्या खोलीतला नकाशे काढायचा तिरपा फळा तसाच आहे. जहाजावरून गुंडाळी करून आणलेला ट्रेसिंग कागद तिने त्यावर चार टाचण्यांनी लावलाय. दोन बेटांभोवती पाणी आहे. दोन बेटं नुसतीच, कोऱ्या कागदावर. ताई चहा घेऊन आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "परवाच बसले होते बघ इथं, किनारे उतरवत. मी दोनदा जेवायला हाक मारली."

मी मनात मोजलं. ते किनारे गणपतीच्या आधीचे. पाच महिने होऊन गेले होते.

"हो," मी म्हणालो, "परवाच."