ऑप्शनला टाकलेला धडा

शाळेत असताना सत्यजित नागरिकशास्त्र नेहमी ऑप्शनला टाकायचा. इतिहासाच्या शेपटाला बांधलेले ते थोडेसे मार्क. मिरजेत त्यांच्यासाठी कुणी झोपमोड करत नसे, इंजिनियर व्हायला निघालेला मुलगा तर मुळीच नाही. राष्ट्रपतींचे अधिकार पाठ करून काय पंप चालणार आहे, असं तो म्हणायचा. त्याच सत्यजितला आज अमेरिकेच्या राज्यघटनेची कलमं तोंडपाठ आहेत. अमेरिकेत त्याने अजून पाऊलही ठेवलेलं नाही. राहतो जर्मनीत, ब्राउनश्वाइगला, आणि तिथे बसून धसका घेतो वॉशिंग्टनचा.

धसका उगाच नव्हता. त्याची कंपनी गिअरबॉक्सचे भाग बनवते आणि त्यातले बरेचसे अमेरिकेला जातात. तिथल्या अध्यक्षांनी गाड्यांवर आणि सुट्या भागांवर आयातकर चढवला, तशी इथली रात्रपाळी बंद झाली. मग कुजबुज सुरू झाली, की सत्यजितच्या विभागातली माणसं कमी करणार. तो विभागात सगळ्यात नवा. इथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की दुसरी शोधायला मोजके महिने, नाहीतर बायको-मुलीसकट सामान बांधा. नैना दुसरीत होती आणि नुकती कुठे वर्गातल्या मुलांच्या बरोबरीने वाचायला लागली होती. तिचा वाचतानाचा आवाज ऐकला की सत्यजित बोटांवर महिने मोजायला लागायचा.

घाबरलेला माणूस नवस बोलतो. हा इंजिनियर, याने यंत्रच उघडून पाहिलं. कर बसवण्याचा अधिकार मुळात तिथल्या संसदेचा, म्हणजे काँग्रेसचा. तिने निरनिराळे कायदे करून त्यातला बराचसा अध्यक्षांच्या हाती दिलेला. अध्यक्षांनी हद्द ओलांडली असं कुणाला वाटलं, तर न्यायालयाचं दार उघडं. एवढं कळल्यावर त्याला जरा धीर आला, आणि धीर आला की त्याला बोलायला कुणीतरी लागतं, म्हणजे बायको.

"बघ ऊर्मिला, दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणून इंटरलॉक असतो ना? या लोकांनी अख्खं सरकारच तसं बांधलंय. कुणा एकाला सुसाट सुटता येऊ नये म्हणून. आल्झो, थोडक्यात काय, कोर्ट अडवणार म्हणजे अडवणार!"

ऊर्मिला थालीपीठ उलटत म्हणाली, "अडवू दे की. पण गाडी आपल्या अंगावरून जायच्या आधी अडवतील ना?"

"शोन वीडर अमेरिका?" नैना ताटावरून पुटपुटली. पुन्हा अमेरिकाच का, हे तिचं जर्मन विचारणं आता रोजचंच झालं होतं.

आणि खरोखरच एक दिवस तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांचे कर रद्द केले. सत्यजितला आनंद मावेना. त्याने ऊर्मिलाला शिरा करायला लावला आणि डबा भरून ऑफिसात नेला. पहिला वाटा हरीशदादाचा. हरीशदादा मूळचा नाशिकचा, या कंपनीत केस पिकवलेला, बायको जर्मन, स्वभाव थंड. त्याने चमचाभर शिरा खाल्ला आणि विचारलं, "गाड्यांवरचा करही गेला का रे?"

सत्यजितने मोबाइल काढला. गाड्यांवरचा कर वेगळ्याच कायद्याखाली बसवलेला होता आणि निकालाने त्याला धक्काही लागला नव्हता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी गत झाली. पोटभर वाचून शेवटी एवढंही पाहिलं नाही, याची त्याला लाज वाटली, आणि भीती होती त्याहून वाढली.

"असू दे," हरीशदादा म्हणाला. "हे बघ, मी बेट्रीब्सराटला उभा राहतोय. कुणाला काढायचं तर कंपनीला आधी या कामगारांच्या परिषदेचं ऐकून घ्यावं लागतं. तिथे 'शेवटी आला तो आधी जाणार' म्हणणारे पुष्कळ आहेत. लहान मुलं असलेल्यांचं, परवान्यावर राहणाऱ्यांचं बोलायला कुणीतरी नको? मत द्यायला ये."

"मी कुठे इथला नागरिक आहे, दादा?"

"नागरिक असावं लागत नाही. इथे काम करतोस, बास. येशील ना?"

"हो, हो, नक्की."

मतदान कॅन्टीनशेजारच्या खोलीत होतं. त्या दिवशी सत्यजित जेवणाच्या सुट्टीत कानात इअरफोन घालून तिकडून गेला. अमेरिकेतल्या एका समितीपुढे आदल्या दिवशी कुणीतरी गाड्यांच्या कराविरुद्ध बोललं होतं, ते तो जीव मुठीत धरून ऐकत होता. रांग दिसली. एवढं संपू दे, मग जाऊ, असं त्याने ठरवलं. एकाचं संपलं, दुसऱ्याचं सुरू झालं. काम आटोपून तो त्या खोलीशी पोचला, तेव्हा दाराला कुलूप होतं. संध्याकाळी हरीशदादाने "आलास ना?" विचारलं, तेव्हा तोंडातून सहज "हो" निघून गेलं. एका मताने काय आकाश कोसळतंय, असं त्याने स्वतःला समजावलं.

निकाल लागला. शेवटच्या जागेसाठी हरीशदादाला आणि दुसऱ्या एकाला सारखीच मतं पडली होती. नियमाप्रमाणे चिठ्ठी टाकली, आणि चिठ्ठी दुसऱ्याची निघाली. तो 'शेवटी आला तो आधी जाणार' वाल्यांपैकी होता.

हरीशदादा कॉफीच्या मशीनपाशी भेटला. हसत होता. "नशीब, दुसरं काय! तुम्ही सगळे आलात, हेच खूप झालं."

सत्यजित जायला वळला आणि परत फिरला. गप्प राहिला असता तर कुणाला कधी कळलंही नसतं. मत गुप्त असतं, हा धडा तरी त्याला ठाऊक होता.

"दादा," तो म्हणाला, "मी नव्हतो आलो. खोटं बोललो मी तुमच्याशी."

मशीनमधून कॉफी पडायची थांबली तरी हरीशदादाने कप उचलला नाही. मग उचलला, एक घोट घेतला. तो चिडला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर सत्यजितला बरं वाटलं असतं.

"बरं," हरीशदादा नेहमीच्याच थंड आवाजात म्हणाला, "अमेरिकेत काय चाललंय आज?"

अमेरिकेबद्दल त्याला काहीही विचारा, उत्तर तयार असायचं. आज त्याने मोबाइल बंद करून खिशात टाकला.