कॉफीच्या भट्टीत माझा गोडा मसाला

मी कुठे निघाले होते ते मागच्या वेळी सांगितलं होतं. विसरलात ना? चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी माणसं तुम्ही. पुन्हा सांगते, सिंगापूरला. मी बोलते, सून मेधा टाइप करते. मधेच हसते, ते छापत नाही.

जायचं कारण नात. रेवाने तिथली कॉम्प्युटरची नोकरी सोडली आणि एका इटालियन बाईंकडे कॉफी भाजायला शिकू लागली. पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना मिळालाय, म्हणून परत पाठवत नाहीत एवढंच. शिकाऊ दिवस संपले की बाई ठरवणार, ठेवायची की नाही. माझा मुलगा शेखर धुसफुसत होता.

"आई, तू बघून ये. तुला पटलं तर मी गप्प बसतो."

मुंबईहून थेट विमान घ्या आणि व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. रांगा वाचतात. चालता येतं हे कुणाला सांगू नका.

रेवाचा फ्लॅट सेरंगूनला. सकाळी खालच्या हॉकर सेंटर नावाच्या खाऊगल्लीत कोपी प्यायलो. घट्ट गोड दुधातली काळी कॉफी, चहापेक्षा स्वस्त वाटावी अशी आणि दुप्पट कडक. मग एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, यिशुनला. वाचता येत नसलं तरी हरवत नाही. केशरी रेघेच्या गाडीने बिशान, तिथून लाल रेघ. गाडीत खायला बंदी आहे, तेव्हा दाण्याची पुडी पिशवीतच ठेवा.

कारखाना एका मोठ्या इमारतीत, गोदामांच्या मधोमध. मालकीण लुचियाबाई, माझ्याच वयाच्या, पण कंबर ताठ. आत त्यांच्या आजोबांचं कॉफी भाजायचं लोखंडी पिंप अजून फिरतं. इटलीहून जहाजाने आणलेलं. आजोबांची रीतही तीच. प्रत्येक देशाचं बी वेगळं भाजायचं, मगच एकत्र करायचं, आणि थंड झाल्यावर परातीत निजवायचं. घाई केली तर चव कच्ची राहते.

मी रेवाला म्हटलं, "अगं, आपण धणे वेगळे, खोबरं वेगळं, दगडफूल वेगळं भाजतो, तसंच की."

"हेच मी बाबांना सांगत होते, आजी."

मला बाई आवडल्या. त्यांच्यासाठी नेलेला गोड्या मसाल्याचा डबा मी उघडून नाकाशी धरला. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. जेवायला बोलावलं तेव्हा मी डबा परातींशेजारच्या टेबलावर ठेवला. झाकण नुसतं टेकवलेलं.

जेवून आलो. रेवाने परातीतली मूठभर कॉफी उचलली, हुंगली, आणि तिचा चेहरा उतरला. दुपारी हाच माल एका कॅफेत जायचा होता, आणि नेमका त्याच दिवशी तिचा निकाल.

मी हळूच म्हटलं, "कुणाला कळतंय. दुधात बुडाली की झालं."

"आजी, मला कळलं ना."

ती सरळ बाईंकडे गेली. "हा माल देता येणार नाही. याला मसाल्यातल्या हिंगाचा वास लागलाय. डबा माझ्या आजीचा आहे."

बाईंनी मूठ नाकाला लावली. मी पदराशी चाळा करत उभी. मग त्या रेवाला इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या, आणि रेवाने डोळे पुसत मला सांगितलं. बाईंच्या आजोबांनी सख्ख्या भावाला सिगारच्या वासापायी या पिंपाजवळून हाकललं होतं. नंतर तिथे शिकलेल्यांपैकी निम्म्यांना बिघडलेल्या मालाचा वास येई, पण सांगायला जीभ उचलत नसे. शेवटी बाई तिला म्हणाल्या, "तू तर स्वतःच्या आजीचं नाव घेतलंस. सोमवारपासून पगार सुरू."

माल टाकून दिला. बाईंनी डबा मात्र घरी नेला, पिशवीत पिशवी घालून.

दुसऱ्या दिवशी पुलाउ उबीन बेटावर बोटीने गेलो. माणसं सायकली हाकत होती, मी नारळपाणी पीत बसले. रेवा वाटेत म्हणाली, "आजी, तू मला घालवायला आली होतीस का ठेवायला?" म्हटलं, "दोन्ही करून बघितलं."

परत आल्यावर शेखरने विमानतळावरच विचारलं, "काय ठरलं?"

"पोर तिथेच राहते. माझ्या चुगल्या करायला पगार मिळतो तिला."

त्याने बॅगा उचलल्या आणि गाडीत ठेवल्या. उंबऱ्यावर म्हणाला, "मग तिला खायला काहीतरी पाठवायला हवं."

तेव्हा तुमच्यापैकी सिंगापूरला कुणी जात असेल तर मला कळवा. राजगिऱ्याचे लाडू देईन. घट्ट झाकणाच्या डब्यात न्या, वेलची मी घालणार नाही, आणि वाटेत उघडून बघू नका.