हात लावण्याआधी

लकव्याने पडून असलेल्या आमच्या यजमानांना सांभाळायला एका संस्थेने तिला पाठवलं होतं. तांड्यावरून ती रोज घाटंजीला यायची. दीड वर्षात मी तिचं नावही विचारलं नाही. अंगाला हात लावण्याआधी ती त्यांना सांगायची, "काका, पाठ पुसून राह्यली."

मी एकदा चिडले. "कायले सांगतं वं? त्याईले काई समजत नाई."

"बैलालेबी आवाज देऊनच हात लावा लागते, काकू. हे तं माणूस हाय."

यजमान गेले. तेरवीनंतर ती आपला डबा न्यायला आली. मी खिडकीशी पाठमोरी उभी होते.

"काकू, पाठीवर हात ठेवून राह्यली," म्हणाली, आणि मग ठेवला.

मला कोणी हात लावून किती वर्षं झाली होती, ते तेव्हा कळलं.