पात्रिक म्हाराजाचं गाऱ्हाणं

"बा देवा पात्रिक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दुबई मरीनातल्या त्या आयरिश पबात चारशे लाल दाढ्या एकदम गरजल्या आणि समोरच्या साठमजली टॉवरच्या काचा पुढची तीन मिनिटं थरथरत राहिल्या. (माझी बायको म्हणते, त्या पबात सत्तरच माणसं मावतात. मावोत.) मधल्या टेबलावर उभा होता पाच फुटी बाबल परब, देवगडचा, पबचा मुख्य कुक. हातात डाव आणि एप्रनच्या खिशात नारळ. "ही तुझी लेकरां लांबसून इली हत, तेंका पोटभर खाऊक-पिऊक घाल, नि धड पायांनी घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे गेल्या वर्षीचं. यंदा फेब्रुवारीत बाबल रजेवर गावी गेला, दुपारी माशाचं जेवण जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही... त्याच्या बायकोचा, वैनींचा फोन आला तेव्हा मी अल मजाजच्या माझ्या घरी त्याच्यासाठीच, तो परत येईल म्हणून, चकल्यांचा डबा भरत होतो.

सतरा मार्च हा आयरिश लोकांच्या संत पॅट्रिकचा दिवस. हिरवे शर्ट, हिरव्या टोप्या, नुसती जत्रा. पंधरा वर्षांपूर्वी त्या दिवशी पब उघडायच्या अर्धा तास आधी किचनचा गॅस बंद पडला. पब ज्या हॉटेलात, त्याचा मेंटेनन्स माझ्याकडे, म्हणून मी धावलो. मॅनेजर घामाघूम, बाबल थंड. "देवाची जत्रा, नि गाऱ्हाणा नाय? मग चूल कशी पेटतली, पुणेकरानू?" त्यानं मागच्या दारात देवाला साकडं घातलं, नारळ फोडला आणि भप्पकन ज्योत पेटली! रीसेटचं बटण मी दाबलं होतं, हे मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तो गाऱ्हाणं घेऊन थेट बारमध्येच आला. आयरिश मंडळींना वाटलं, हा आपलाच कुठला तरी जुना विधी, आपणच विसरलोय. कॉनर नावाच्या एका आडदांड गड्यानं तर गावी आजीला फोन लावून खात्री करून घेतली. आजी म्हणाली, लहानपणी ऐकल्यासारखं वाटतंय खरं!

त्यांच्या मटण-बटाट्याच्या फिक्या रश्श्याला बाबल 'बाळंतिणीचा जेवाण' म्हणायचा. मॅनेजरची पाठ वळली की मालवणी मसाल्याची पुरचुंडी त्यात बुचकळायची आणि लगेच काढायची. एक म्हातारा पहिल्याच घासाला रडला. म्हणाला, अगदी आईच्या हातची चव! बाबल माझ्या कानात म्हणाला, "तेची आवस मालवणची आसतली."

रजेवर निघताना एअरपोर्टवर तो म्हणाला होता, "सतरा तारखेक मी नसलय तर तुमी घाला. चुकवू नका हां, पंधरा वर्सां झाली." मी म्हटलं, "यल्ला, नीघ आता, लाइन पुढे सरकली." बस, एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

म्हणून यंदा मी गेलो. करामाच्या बाजारातून नारळ घेतला, पाठ केलेला कागद खिशात ठेवला, बाबलचा डाव हातात धरून टेबलावर चढलो. "बा देवा..." म्हटलं आणि पुढचं अक्षरच आठवेना. सगळा पब माझ्या तोंडाकडे बघतोय. माझ्या हातून हे चुकणार, एवढंच डोक्यात... तेवढ्यात कोपऱ्यातून कॉनरचा आवाज उठला. "काय चुकला-माकला आसात, तर पदरात घे रे म्हाराजा!" सबंध गाऱ्हाणं त्यानं म्हटलं, डब्लिनच्या हेलात, पण शब्द चुकेल तर शपथ! आणि मग जो "व्हय म्हाराजा!" झाला, तो देवगडच्या बंदरात ऐकू गेला असणार. मी रडत होतो की हसत होतो, देव जाणे. रश्श्याचं पातेलं मात्र चाटूनपुसून साफ झालं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलला जाताना गाडीतूनच वैनींना फोन लावला. कॉनरचं सांगितलं, काचांचं सांगितलं, पातेल्याचं सांगितलं. सिग्नलला ब्रेक मारला आणि सीटखालून काहीतरी गडगडत येऊन माझ्या टाचेला लागलं.

"नारळ फोडल्यात मा?" वैनींनी विचारलं.

मी खाली पाहिलं. "...विसरलो, वैनी."

"मगे ता धरूचा नाय," त्या म्हणाल्या. "फुडल्या वर्साक परत घाला."