पुष्पाबाईंच्या एकतीस पिशव्या

मेहरूणमध्ये पुष्पाबाईंचं घर कोणालाही विचारा, लोक म्हणत, "स्थळंवाल्या बाईंचं ना?" दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीखाली एक टेबल, हे त्यांचं ऑफिस. समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची माहिती, फोटो, पत्रं, सगळं तिथे यायचं. कोणी वहीच्या पानावर लिहून पाठवी, कोणी अंतर्देशीय पत्रावर, आणि एका बहाद्दराने तर खताच्या पावतीच्या मागे मुलाचं सगळं शिक्षण बसवलं होतं.

सुरुवातीला हे सारं पिठाच्या रिकाम्या डब्यात जाई. तिथेच घात झाला. पंच्याऐंशी साली धुळ्याच्या पाहुण्यांना एका मुलीचा फोटो गेला आणि पत्ता दुसरीचा. पोरगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, तर पाहुण्यांतली एक बाई तिच्या तोंडावर म्हणाली, "ही नव्हे ती." ते कळलं त्या दिवशी पुष्पाबाई जेवल्या नाहीत. चूक आपली आणि मान खाली त्या पोरीची, हे त्यांना सोसवेना.

त्यांचे यजमान तोतारामभाऊ जिल्हा परिषदेत कारकून. त्यांनी ऑफिसातली युक्ती सांगितली: आडनावाप्रमाणे लावा. पुष्पाबाईंनी खोकी आणली, अक्षरं डकवली, दिवसभर बसून कागद लावले. संध्याकाळी बघतात तर 'प'चं खोकं फाटलेलं आणि बाकीच्यांत उंदराने संसार थाटावा इतकी जागा. एकशे चाळीस कागदांत एक्क्याण्णव पाटील! खानदेशात पाटील शोधायला निघालेल्या माणसाचं दुसरं काय होणार?

उत्तर मिळालं शेजारच्या सुगंधाबाईंकडून. धुळ्याकडच्या त्या बाई एकदा टेबलावरचा फोटो पाहून सहज बोलून गेल्या, "हाई पोर? ती तं आमना कापडणेवालासनी भाची शे!"

पुष्पाबाई हातातलं लाटणं तसंच धरून उभ्या राहिल्या. खरंच की! बायका कधी आडनावाने ओळख सांगतात का? कोणाची भाची, कोणाचा भाचा, असंच सांगतात. आईचं माहेर सांगितलं की माणूस बरोबर हाती लागतो.

मग त्यांनी ब्लाउजपिसांच्या पिशव्या शिवल्या. एका मामाच्या गावाला एक पिशवी, वर दोऱ्याने भरलेलं नाव: पहूर, कापडणे, मेहुणबारे. भिंतीवर खुंट्यांची रांग ठोकली. सुपारी फुटलेल्यांची पिशवी लाल; लग्न लागलं की त्यातला कागद कुंकू लावून घरी परत. फोटो कागदाला टाचायचा नाही, शिवायचा. आणि दिवेलागणीला टेबलावर एक चिटोरं राहता कामा नये, मग पाहुणे आलेले असोत की अंगात ताप असो. नवऱ्याने एकदा टेबलावर भाजीची पिशवी ठेवली, तर ती सरळ अंगणात गेली, मेथीसकट.

एकोणनव्वद साली समाजाच्या मंडळाने पहिला परिचय मेळावा ठरवला. चारशे कागद जमणार होते. मंडळाचे अध्यक्ष रतिलालभाऊ, बियाण्यांचे दुकानदार, माणूस उदार पण स्वतःच्या हुशारीवर फार खूश. त्यांचं म्हणणं, एवढं काम स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर होत नसतं. दुकानात पोलादी कपाट आहे, टाइपरायटर आहे, मेळाव्याचे कागद तिथे येऊही लागलेत. बाईंचे कागदही तिकडेच आणावेत. तसं झालं तर चार वर्षांचं काम एका दिवसात हातचं जाणार होतं. 

एका रविवारी सकाळी मंडळाचे पाच जण कागद न्यायलाच आले. रतिलालभाऊ खाटेवर ऐसपैस बसले आणि खिशातून टाचणी लावलेला कागद काढला.

"बघा, याला म्हणतात व्यवस्था. माझ्या भाचीसाठी स्थळ काढलं, पाच मिनिटांत. पंडित पाटील, भुसावळ, रेल्वेत. फोटो घरात सगळ्यांना पसंत. आज चारला मंडळी येताहेत."

पुष्पाबाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि दारातून विचारलं, "मामा कुठले?"

"मामाचं काय करायचंय? मुलगा पंडित पाटील!"

"भाऊ, भुसावळच्या रेल्वेत माझ्याकडे दोन पंडित पाटील आहेत."

 पुष्पाबाईंनी पदर खोचला. एक हात लाल पिशवीत, एक पहूरच्या. आधणाला उकळी यायच्या आत दोन्ही कागद खाटेवर होते. लाल पिशवीतल्या कागदाला शिवलेला फोटो तोच, रतिलालभाऊंच्या हातातला.

"हा मेहुणबारेवाल्यांचा भाचा. सुपारी फुटली याची मार्गशीर्षात. आज येणार तो हा, पहूरवाल्यांचा. चष्मा आहे, केस थोडे कमी आहेत, पण मुलगा सोन्यासारखा. तुमच्या कपाटात मेहुणबारेवाल्याचा फोटो याच्या कागदाला लागला."

 टाचणीकडे बघत रतिलालभाऊ म्हणाले, "म्हणजे चारला पोरीने दुसऱ्याच माणसासमोर..."

"हो. आणि मान तिची खाली गेली असती. आत्ताच जा, हा फोटो तिला दाखवा, तिलाच विचारा. नको म्हणाली तर मंडळींना निरोप मी देते."

रतिलालभाऊ चहा न घेताच उठले. दारात थांबले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात बाकीच्या चौघांना म्हणाले, "दुकानातले बठ्ठे कागद उद्या आठे बाईंच्या घरी आणा. माले काही समजत नई." दुकानदारीची शुद्ध मराठी घाईत गळून पडली होती. भाचीने फोटो पाहिला, चष्म्याला हसली आणि हो म्हणाली.

महिन्याभरात भिंतीवर एकतीस पिशव्या झाल्या. तोतारामभाऊंनी खुंट्या ठोकल्या आणि ऑफिसात जाऊन बढाया मारल्या, जणू कल्पना त्यांचीच.

मेळाव्याला मांडवात नोंदणीचं टेबल एकच होतं आणि त्यामागे पुष्पाबाई. बाप लोक छाती काढून रांगेत उभे होते. पहिलाच पुढे आला, नाव सांगितलं, गाव सांगितलं, शेती सांगितली.

"मुलाच्या आईचं माहेर?" पुष्पाबाईंनी विचारलं. "आणि तिच्या भावांची नावं?"

गाव सांगितलं, पण मेहुण्यांच्या नावांशी गडी अडखळला. त्याने मागे वळून बायकोला हाक मारली. मग दुसऱ्याने मारली, तिसऱ्याने मारली. मांडवाच्या टोकाला सतरंजीवर बसलेल्या बायका एकेक करून उठल्या, पुढे आल्या, नवऱ्यांना बाजूला सारून टेबलाशी उभ्या राहिल्या आणि आपापल्या माहेरचं नाव मोठ्याने सांगू लागल्या.